आयटीचा कारभार: आधी जबाबदारी ठरवा, मग चौकट निवडा

‘कोबिट घ्यावे की आयटिल?’, ‘ग्राहकाने आयएसओ २७००१ मागितले आहे, किती दिवसांत मिळेल?’, ‘आमची पतसंस्था लहान आहे, आम्हालाही हे सगळे लागू होते का?’ वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखानदारांकडून आणि छत्रपती संभाजीनगरातल्या सहकारी संस्थांच्या संचालकांकडून हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्याच्या टेबलावर बहुधा कोणाचे तरी कोटेशन आधीच येऊन पडलेले असते. एकाने ईआरपी बदलायला सांगितलेले असते, दुसऱ्याने प्रमाणपत्र ‘करून देतो’ म्हटलेले असते, तिसऱ्याने महागडी फायरवॉल सुचवलेली असते. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. पण आधी काय, मग काय हे कोणीच सांगत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. संगणक, सर्व्हर, सॉफ्टवेअर यांबाबतचा निर्णय कोणाचा आणि चुकले तर उत्तर कोण देणार, हे संस्थेत कुठेच लिहिलेले नसते. घोडे पेंड खाते ते इथे. हे ठरवायला पैसा लागत नाही, आणि ते ठरले नाही तर कोबिट, आयटिलसारखी कोणतीही चौकट कपाटातल्या फाइलीतच राहते. म्हणून या लेखाचा क्रम तसा आहे: कायद्याने काय करावेच लागते, कोणाकडे काय आहे, निर्णय कोणाचा, आणि त्यानंतर चौकट व साधने.

कायद्याने तुम्हाला काय करावेच लागते

चौकट ऐच्छिक असते, कायदा नसतो. पुढे आपल्या संस्थेचा प्रकार शोधा.

- कोणताही व्यवसाय, कंपनी, भागीदारी किंवा एका मालकाचा धंदा: ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश लागू आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची, यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतातच जपायचे आणि सर्व यंत्रणांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळलेली ठेवायची. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना मिळालेली मुदतवाढ २५ सप्टेंबर २०२२ रोजीच संपली. सर्ट-इनने मागितलेली माहिती न देणे किंवा निर्देश न पाळणे हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.
- कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी, अगदी दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेडसुद्धा: १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. टॅली वापरत असाल तर ‘एडिट लॉग’ म्हणतात तो हाच. हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर जायला हवा. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात एडिट लॉगबद्दल लिहावेच लागते.
- नागरी सहकारी बँक: रिझर्व्ह बँकेची १९ ऑक्टोबर २०१८ ची मूलभूत चौकट आणि ३१ डिसेंबर २०१९ ची चार स्तरांची चौकट. पहिला स्तर सगळ्यांना लागू. स्वतःचे एटीएम स्विच, इंटरनेट बँकिंग, स्विफ्ट अशा सुविधा वाढत जातात तसा स्तर वाढतो.
- मध्यम व त्यावरच्या श्रेणीतील बँकेतर वित्त कंपनी: रिझर्व्ह बँकेचा ७ नोव्हेंबर २०२३ चा आयटी कारभाराविषयीचा महानिर्देश, १ एप्रिल २०२४ पासून लागू.
- पतसंस्था: रिझर्व्ह बँकेचे वरील आदेश लागू नाहीत, सर्ट-इनचे आहेत. तरीही नागरी बँकांसाठीची पहिल्या स्तराची यादी पतसंस्थेने घेऊन बसावे. ती छोटी आहे, फुकट आहे आणि ठेवी सांभाळणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहे.

‘लॉग १८० दिवस’ हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. तुमच्या आयटीवाल्याला आजच विचारा: आपल्या फायरवॉलवर किती दिवसांच्या नोंदी राहतात? लहान फायरवॉलची साठवण थोडी असते आणि नव्या नोंदी जुन्यांवर बसत जातात. घटना घडल्यावर पोलीस किंवा तपास करणारा मागची महिन्यांची नोंद मागतो, तेव्हा हाती गेल्या काही दिवसांचेच असते. लॉग दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर उतरवण्याची सोय करायला खर्च फार येत नाही.

पहिले काम: किल्ल्यांची यादी

एका कागदावर किंवा एक्सेलमध्ये चार रकाने आखा: वस्तू, कोणाच्या नावावर, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर, आणि तो माणूस उद्या आला नाही तर दुसरे कोण. मग खाली लिहीत जा:

- वेबसाइटचे डोमेन आणि होस्टिंग
- कंपनीच्या ईमेलचे मुख्य खाते
- टॅली, ईआरपी किंवा कोअर बँकिंगचे ‘ॲडमिन’ लॉगिन
- जीएसटी, ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसचे लॉगिन
- संचालकांचे डीएससी (डिजिटल सहीचे) डोंगल
- नेट बँकिंगमधले मेकर आणि चेकर
- फायरवॉल, वायफाय राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर
- मोठ्या ग्राहकाच्या सप्लायर पोर्टलचे लॉगिन
- बॅकअप कुठे आहे आणि त्याचा पासवर्ड

ही यादी पूर्ण व्हायला बहुतेक ठिकाणी आठवडा लागतो, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरे मालकाला माहीत नसतात. डोमेनचेच घ्या. वेबसाइट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेले असते. त्यात त्याचा वाईट हेतू असेलच असे नाही, काम पटकन उरकायचे म्हणून तसे होते. पण कंपनीचे सगळे ईमेल त्या डोमेनवर चालतात. उद्या त्याच्याशी बिलावरून बिनसले किंवा नूतनीकरण राहून गेले, तर ग्राहकाची ऑर्डर तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या कायमस्वरूपी ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर हवे. बदल करून घ्यायला डोमेन नोंदणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर थोडा वेळ लागतो, एवढेच.

दुसरी अशीच अडचण ई-वे बिलाची. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सर्व करदात्यांना पासवर्डबरोबर दुसरी पडताळणीही सक्तीची आहे. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर रात्री माल भरलेली गाडी गेटवरच उभी राहते. पोर्टलवर प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी वेगळा उपवापरकर्ता करता येतो. तो करा, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी बंद करा.

डीएससी डोंगलबाबत माझे मत कठोर आहे. सीएंच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट पडलेले डोंगल म्हणजे कोऱ्या कागदावर केलेली सही. सीएंवर विश्वास असू द्या, पण डोंगल तुमच्याकडे ठेवा आणि काम असेल तेव्हा न्या.

मशीनला जोडलेले संगणक या यादीत नेहमी सुटतात. सीएनसी किंवा मोजमापाच्या मशीनवरचा संगणक अजून विंडोज ७ वर असतो, कारण मशीनचे सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे संगणक लगेच बदलणे शक्य नसते, हे मान्य. निदान त्यांचे नेटवर्क ऑफिसपासून वेगळे करा, इंटरनेट काढा आणि पेनड्राइव्ह कोण लावू शकतो ते ठरवा.

निर्णय कोणाचा, हे लिहून ठेवा

आयएसओ ३८५०० हे आयटीच्या कारभाराचे आंतरराष्ट्रीय मानक २००८ साली आले. त्याचा आणि कोबिटचा गाभा एकच आहे: कारभार आणि व्यवस्थापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काय हवे ते पारखणे, दिशा देणे आणि लक्ष ठेवणे हे मालकाचे किंवा संचालक मंडळाचे काम. आखणे, उभारणे, चालवणे हे आयटीवाल्याचे. आपल्याकडे मालक ‘मला त्यातले कळत नाही’ म्हणून पहिले कामही आयटीवाल्याकडे सोपवतो, आणि मग आपणच सुचवलेल्या खरेदीला आपणच मंजुरी देणारा आणि आपलेच काम आपणच तपासणारा एकच माणूस उरतो.

मालकाला कळायला हवे ते एवढेच. पुढच्या पाच बाबींसमोर एकेक नाव लिहा:

1. ठरावीक रकमेच्या वरची आयटी खरेदी कोण मंजूर करणार?
2. कोणाला कोणते लॉगिन द्यायचे आणि कधी काढायचे, हे कोण सांगणार?
3. काम किती वेळ बंद पडलेले चालेल, एक दिवस की एक तास, हे कोण ठरवणार? बॅकअपचा खर्च यावरच ठरतो.
4. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला तर खात्री कोण करणार?
5. घटना घडली तर सहा तासांत सर्ट-इनला कोण कळवणार, आणि तो रजेवर असेल तर कोण?

चौथ्या बाबीवर थांबा. स्टीलच्या किंवा परदेशी मशीनच्या पुरवठादाराच्या नावाने हुबेहूब ईमेल येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’, सोबत नेहमीचेच बिल. पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. यावर सॉफ्टवेअरपेक्षा एक नियम जास्त चालतो: खाते बदलायचे असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि दोन सह्यांशिवाय बदल करायचा नाही. हा नियम अकाउंट्सच्या भिंतीवर लावा. मालकाने घाईत फोन करून ‘आत्ता पाठव’ म्हटले तरी तो मोडायचा नाही, हे मालकाने स्वतः सांगावे.

लक्ष ठेवणारे कोणी नसेल तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात महाराष्ट्राने पाहिले. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी बँकेच्या एटीएम व्यवस्थेत घुसलेल्यांनी बनावट स्विच उभे केले. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे न जाता तिथेच मंजूर होत गेल्या. बनावट कार्डांवर २८ देशांत आणि भारतातही पैसे काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरबँक यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटींवर होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी नागरी बँकांसाठीची मूलभूत चौकट आली. सायबर सुरक्षेचे धोरण आयटी धोरणापासून वेगळे आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, असे त्यात म्हटले आहे. मोठ्या वित्तसंस्थांसाठीचा २०२३ चा महानिर्देश आणखी पुढे जातो: सुरक्षेचा प्रमुख आयटी प्रमुखाच्या हाताखाली असता कामा नये. तुमच्याकडे दोनशे कामगार असोत वा वीस, हे तत्त्व जसेच्या तसे घ्या. यंत्रणा चालवणारा एक आणि ती ठीक चालते का हे पाहणारा दुसरा. तो दुसरा तुमचा अकाउंट्स मॅनेजरही असू शकतो.

चौकटी: कोणती कशासाठी

आता नावे. सगळ्या चौकटी वाचायची गरज नाही. तुमची अडचण कोणती, त्यावरून एक उचला.

- कोबिट: ‘इसाका’ या संस्थेची चौकट, पहिली आवृत्ती १९९६, सध्याची २०१९ ची. तीत चाळीस उद्दिष्टे आहेत. बँक, मोठी कंपनी, विद्यापीठ, महापालिका यांच्यासाठी योग्य. लहान कारखान्याने ती पूर्ण घेऊ नये. जबाबदाऱ्यांची विभागणी समजण्यापुरती पाहावी.
- आयटिल: उगम १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश सरकारी खात्यात. तक्रार आली, नोंदली, सुटली, बदल केला तर कोणाच्या मंजुरीने, अशा रोजच्या आयटी सेवेची शिस्त. ‘प्रिंटर चालत नाही’ पासून ‘ईआरपी बंद पडला’ पर्यंत सगळे व्हॉट्सॲपवर चालत असेल तर ही पाहा.
- आयएसओ २७००१: माहितीच्या सुरक्षेचे मानक. २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे आहेत. बाहेरची संस्था तपासून प्रमाणपत्र देते.
- निस्टची सायबर सुरक्षा चौकट: अमेरिकी सरकारी संस्थेची, फुकट. फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कारभार’ हा सहावा भाग जोडला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. संचालकांना परिस्थिती समजावून सांगायला ही सगळ्यात सोपी.
- सीआयएस नियंत्रणे: अठरा मुख्य नियंत्रणे. त्यातला पहिला गट ५६ उपायांचा, लहान संस्थांसाठीच काढलेला. तोही फुकट.
- सर्ट-इनची लघुउद्योगांसाठीची पंधरा कलमी मूलभूत यादी: २०२५ मध्ये आली, आपल्या कायद्यांना धरून आहे.

शंभराच्या आतल्या संगणकांचा कारखाना, पतसंस्था, दवाखाना किंवा कॉलेज असेल तर माझा सल्ला असा: सर्ट-इनची पंधरा कलमे आणि सीआयएसचा पहिला गट, बस. वर्षभर एवढेच करा. प्रमाणपत्राचा विचार त्यानंतर, आणि तोही कोणी मागितले तरच.

ग्राहकाने प्रमाणपत्र मागितले तर

संभाजीनगरच्या वाहन सुट्या भागांच्या उद्योगात हा प्रसंग आता नेहमीचा आहे. बजाज ऑटोच्या वाळूजच्या कारखान्याभोवती आणि शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्याभोवती पुरवठादारांची साखळी उभी आहे, आणि यांतले अनेक जण युरोपालाही माल पाठवतात. ग्राहकाकडून प्रश्नावली येते, शेवटी ‘आयएसओ २७००१ किंवा टिसॅक्स असल्यास जोडा’. अशा वेळी:

1. आधी ग्राहकाला लेखी विचारा: प्रमाणपत्र सक्तीचे आहे की प्रश्नावलीची प्रामाणिक उत्तरे पुरेत? मुदत किती? कोणत्या विभागासाठी हवे? अनेकदा सुधारणेचे वेळापत्रक दिले तरी चालते. न विचारता खर्चात उतरू नका.
2. ‘नाही’ असेल तिथे ‘नाही’च लिहा. ग्राहकाला तपासणीचा अधिकार असतो. खोटे ‘हो’ सापडले तर ऑर्डर जाते आणि करारभंगाचा प्रश्नही उभा राहतो.
3. व्याप्ती ठरवा. सगळा कारखाना, की ग्राहकाची ड्रॉइंग्ज जिथे येतात तो डिझाइन आणि टूलरूम विभाग? व्याप्ती जेवढी मोठी तेवढा खर्च.
4. सल्लागार आणि प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळ्या ठेवा. दोन्ही कामे ‘पॅकेज’मध्ये देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.
5. मान्यता तपासा. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. देणाऱ्या संस्थेला भारतात ‘एनएबीसीबी’ची किंवा तिच्या तोडीच्या परदेशी मंडळाची मान्यता हवी, आणि ती २७००१ साठी हवी. ९००१ साठी असलेली मान्यता इथे चालत नाही.

‘पंधरा दिवसांत प्रमाणपत्र’ म्हणणारे नुसते कागदी घोडे नाचवतात. खऱ्या प्रक्रियेत तपासणीचे दोन टप्पे असतात, त्याआधी अंतर्गत तपासणी आणि व्यवस्थापनाची आढावा बैठक झालेली असावी लागते. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते, पण दर वर्षी तपासणी होते, म्हणून तीन वर्षांचा खर्च एकत्र विचारा. २०१३ च्या आवृत्तीची प्रमाणपत्रे ३१ ऑक्टोबर २०२५ पासून बाद झाली आहेत. कोणी अजून ती विकत असेल तर सावध राहा.

टिसॅक्स ही जर्मन वाहन उद्योगाची पद्धत, २०१७ पासूनची. तिचे निकाल ‘ईएनएक्स’ या संस्थेच्या पोर्टलवरूनच ग्राहकाला दिसतात. आधी तिथे नोंदणी, मग मान्यताप्राप्त तपासणीस निवडणे, असा क्रम आहे. तपासणीचे तीन स्तर आहेत. कोणता हवा हे ग्राहकच सांगतो.

साधने: आधी वही, मग सॉफ्टवेअर

यादी एक्सेलमध्ये नीट चालत नसेल तर सॉफ्टवेअरमध्येही चालणार नाही. ती सवय झाली की पुढची मुक्त स्रोत साधने पाहा. संगणक आणि तक्रारींच्या नोंदीसाठी जीएलपीआय, नुसत्या वस्तूंच्या नोंदीसाठी स्नाइप-आयटी, लॉग गोळा करून इशारे देण्यासाठी वाझू, पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन. मूळ आवृत्तीला परवान्याचे पैसे लागत नसले तरी ती चालवायला माणूस लागतो, हे अंदाजपत्रकात धरा. संगणकात घुसलेले बॉट काढायला सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने फुकट मिळतात.

बॅकअपचा नियम सगळ्यांना पाठ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर. चूक होते ती नंतर. हार्डडिस्क सर्व्हरलाच कायम जोडलेली असते, त्यामुळे रॅन्समवेअर दोन्ही एकदमच कुलूपबंद करते. आणि बॅकअप परत उतरवून कोणीच पाहिलेला नसतो. तीन महिन्यांतून एकदा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवा, मागच्या महिन्याचा ताळेबंद उघडतो का पाहा, तारीख लिहा, सही करा.

व्हेंडरशी करार: हे मुद्दे सोडू नका

एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) एका पानावर नुसते दर आणि भेटींची संख्या असते. त्यात हे घाला:

- डेटा तुमचा. करार संपल्यावर ठरावीक दिवसांत वापरता येईल अशा स्वरूपात परत, आणि त्याच्याकडची प्रत नष्ट केल्याचे लेखी.
- सर्व ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडेही, सीलबंद लिफाफ्यात.
- दूरस्थ लॉगिन तुमच्या परवानगीनेच, आणि त्याची नोंद. एनीडेस्क कायम चालू ठेवायचे नाही.
- त्याच्याकडे काही घटना घडली तर तुम्हाला तासाभरात कळवणे. तुमचे सहा तास तुमच्या लक्षात आल्यापासून धावतात.
- तुम्हाला किंवा तुमच्या ग्राहकाला तपासणी करू देणे.

लहान व्हेंडर या अटींना बिचकतो. त्याच्याशी भांडू नका, कारण समजावून सांगा. चांगला व्हेंडर मान्य करतो, आणि जो पासवर्ड द्यायलाच तयार नाही त्याच्याबाबत निर्णय घेणे सोपे होते.

घटना घडलीच तर

1. बाधित संगणकाची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. संगणक बंद करू नका आणि फॉरमॅट तर मुळीच नको. पुरावा जातो.
2. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला. खात्यातून परस्पर पैसे गेले, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. पण फसवणुकीच्या ईमेलवर विसंबून तुम्हीच पैसे पाठवले असतील तर हे संरक्षण मिळत नाही.
3. सहा तासांत सर्ट-इनला कळवा, टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. माहिती अपुरी असली तरी चालते, उरलेली नंतर देता येते.
4. शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
5. खंडणी देऊ नका, असे मी ठामपणे सांगेन. पैसे भरल्यावर फाइली परत मिळतीलच याची हमी नसते. ‘नो मोअर रॅन्सम’ या पोलीस यंत्रणांनी चालवलेल्या उपक्रमात काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते, ती आधी पाहा.
6. दुसऱ्या कोणी तुमच्या यंत्रणेत विनापरवाना शिरून नुकसान केले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे करता येतो. हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे.

लोकांची माहिती तुमच्याकडे असेल तर

पतसंस्थेकडे सभासदांचे आधार, दवाखान्याकडे रुग्णांचे अहवाल, क्लासकडे मुलांचे फोटो आणि पालकांचे नंबर, कारखान्याकडे कामगारांचे बोटांचे ठसे. या सगळ्याला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. तोवर एवढे करा:

- कोणती माहिती कशासाठी घेता ते लिहा. कारण सांगता येत नसेल तर घेऊ नका. आधारची झेरॉक्स सवयीने मागणे थांबवा.
- संमतीची सूचना मराठीतही द्या. ती आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय लोकांना मिळालाच पाहिजे.
- अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल.
- माहिती फुटली तर बाधित व्यक्तींना विनाविलंब कळवावे लागेल आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल. न कळवल्यास दंड दोनशे कोटींपर्यंत, सुरक्षेची काळजीच घेतली नसेल तर अडीचशे कोटींपर्यंत. हे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्ष रक्कम चुकीचे गांभीर्य पाहून ठरते.

मुख्य तरतुदी लागू झाल्यावर हाच कायदा तुम्हाला ग्राहक, रुग्ण किंवा सभासद म्हणूनही हक्क देईल: आपली कोणती माहिती त्यांच्याकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, काम संपल्यावर पुसून घेण्याचा आणि तक्रारीचे उत्तर मिळवण्याचा.

हे सगळे एकट्याने करण्यापेक्षा उद्योजकांनी सीएमआयए आणि मसिआ या आपल्या संघटनांकडे एकत्र प्रशिक्षणाची आणि सामाईक सुरक्षा अधिकाऱ्याची मागणी लावून धरावी. पाच-सहा लहान कारखाने मिळून एक जाणकार माणूस नक्की ठेवू शकतात. पतसंस्थेच्या किंवा सहकारी बँकेच्या सभासदांनी वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहावी. कायद्याने ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेत दोन प्रश्न लेखी द्या: संस्थेचा बॅकअप शेवटचा परत उतरवून कधी पाहिला, आणि सायबर घटना घडल्यास कळवण्याची जबाबदारी कोणत्या संचालकाकडे आहे? दोन्ही उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.